टँकर दारी यावा म्हणून

सोसायटीत टँकर आपोआप येत नाही. त्यासाठी चाळीस बिऱ्हाडांना वर्षानुवर्षं नेटाने खपावं लागतं. पुण्यात नव्याने फ्लॅट घेतलेल्या माणसाला वाटतं की पाऊस ओढ देतो, महापालिका पाणी कमी करते आणि मग टँकर येतो. असं नसतं हो. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलेलं असताना, भर ऑगस्टमध्ये, टँकरसाठी गेट उघडून उभ्या राहणाऱ्या सोसायट्या या शहरात आहेत. हे यश पावसावर अवलंबून राहणाऱ्यांना मिळत नाही. खालची रीत चाळीस फ्लॅट, सात मजले, खाली एक टाकी आणि गच्चीवर एक टाकी अशा साध्या इमारतीसाठी दिली आहे. मोठ्या संकुलांनी आकडे त्या प्रमाणात वाढवून घ्यावेत.

नेमकं किती पाणी नाहीसं करायचं, ते आधी बघा. शहरात माणशी रोज १३५ लिटर हे पाणीपुरवठ्याचं सरकारी माप. घरात चार माणसं धरली तर चाळीस घरांचे झाले २१,६०० लिटर. समजा, तेवढं पाणी नळाला येतंय. आता रोज दहा हजार लिटरचा एक टँकर यायचा असेल, तर आलेल्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं आपल्यालाच घालवायचं आहे. नुसत्या आंघोळी लांबवून हे जमत नाही. त्याला यंत्रणा लागते.

यंत्रणेची सुरुवात बॉलकॉकपासून करा. महापालिकेची लाइन खालच्या टाकीत जिथे पडते, तिथे दांडीच्या टोकाला एक गोळा असतो. पाणी चढलं की गोळा चढतो आणि व्हॉल्व्ह मिटतो. या वस्तूकडे पाच-सात वर्षं कुणी पाहिलं नाही की आतला वायसर झिजतो, दांडी वाकते, गोळ्याला बारीक चीर जाऊन आत पाणी शिरतं आणि गोळा तरंगायचं सोडून देतो. मग टाकी भरली तरी लाइन चालूच. जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपाने जातं. इथे एक खबरदारी घ्या. या पाइपाचं तोंड येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी असेल, तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी बोंब मारतं. म्हणून ते थेट ड्रेनेजच्या चेंबरमध्ये नेऊन सोडावं. आवाज नाही, ओल नाही, तक्रार नाही. शिवाय पावसाळ्यात चेंबर तुंबला की त्याच पाइपाने चेंबरातला माल उलट टाकीतही येऊ शकतो. एका पाइपात दोन सोयी.

वरच्या टाकीसाठी पंपाच्या बटणाचा कारभार वॉचमनकडे द्या. त्याच वॉचमनने गेट उघडायचं, पार्सलं घ्यायची, पाहुण्यांची नोंद करायची, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची रिक्षा थांबवून ठेवायची आणि टाकी भरायच्या नेमक्या मिनिटाला बटणही बंद करायचं. तीन हॉर्सपॉवरचा पंप सात मजले चढवून मिनिटाला साधारण दोनशे लिटर पाणी टाकतो. म्हणजे पन्नास मिनिटं विसर पडला की एक अख्खा टँकर गच्चीवरून खाली. कुणी अतिउत्साही सेक्रेटरी टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा लेव्हल कंट्रोलर बसवायला निघाला तर अडवू नका, बसवू द्या. त्याच्या काड्यांवर क्षार आणि शेवाळ बसतं, वर्षातून दोनदा त्या पुसायच्या असतात, त्या कुणी पुसत नाही. मग तो टाकी भरलेली असताना रिकामी दाखवतो आणि रिकामी असताना भरलेली. अशा वेळी इलेक्ट्रिशियन येतो, कंट्रोलर काढत नाही, फक्त वायर ‘डायरेक्ट’ करतो. पॅनेलवरचा हिरवा दिवा पुढे कित्येक वर्षं जळत राहतो आणि सगळं ऑटोमॅटिक आहे याचं समाधान देतो.

पंप दोन असतात. ते एक दिवसाआड आलटूनपालटून चालवायचे, असं बसवणारा सांगून जातो. ते ऐकू नका. एकच चालवा. दुसरा सहा महिने बंद राहिला की त्याचा शाफ्ट गंजून धरतो, आणि पहिला जळतो त्या रात्री हा जागचा हलत नाही. पहिला लवकर जळावा अशी इच्छा असेल तर फुटव्हॉल्व्हकडे दुर्लक्ष करा. सक्शन पाइपाच्या तळाशी असलेल्या या झडपेत कचरा अडकला की पाइपातलं पाणी उतरून जातं, पंप हवा धरतो आणि कोरडाच फिरतो. मेकॅनिकल सील पाण्याने थंड राहतो. कोरडा पंप थोडा वेळ फिरला तरी सील तापून फुटतो. मेकॅनिक येईल, सील बदलेल, पैसे घेईल. फुटव्हॉल्व्ह मात्र तोच राहील, कारण त्यासाठी टाकीत उतरावं लागतं. पुढच्या महिन्यात पुन्हा भेट होईलच.

आता घरातलं काम. हे प्रत्येकाने व्यक्तिशः करायचं आहे, कमिटीवर ढकलू नये.

ठिबकणाऱ्या नळाचं कौतुक फार होतं, पण त्याच्याकडून मोठी अपेक्षा ठेवू नका. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब, आणि एका मिलिलिटरला वीस थेंब धरले तर जेमतेम सव्वाचार लिटर. खरा कर्ता पुरुष आहे फ्लशची टाकी. तिच्या तळाचा रबरी वायसर कडक झाला की पाणी कमोडच्या भिंतीवरून पातळ पापुद्र्यासारखं उतरत राहतं, ना आवाज ना डबकं, आणि दिवसाला काही शे लिटर सहज जातात. हे शोधायची एक घातक चाचणी आहे, ती शेजाऱ्यांना कळू देऊ नका. रात्री फ्लशच्या टाकीत खायचा रंग किंवा चमचाभर हळद कालवून टाकायची, वीस मिनिटं फ्लश ओढायचा नाही आणि कमोडमध्ये बघायचं. रंग उतरला असेल तर वायसर गेला. चाळीस घरांतल्या ऐंशी फ्लशपैकी दहा जरी असे निघाले, तरी टँकरची निम्मी वाट तुम्ही चाललात. हळदीचा खर्च पन्नास पैसे, त्यामुळे ही चाचणी कुणी गांभीर्याने घेत नाही, हे आपल्या पथ्यावरच पडतं.

आरओ बसवाच. धरणातून येणारं पुण्याचं पाणी मुळात हलकं आहे, त्यातले क्षार काढायला यंत्राची गरज नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच, जिथे पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत आहे तिथे आरओवर बंदी घाला, असं म्हटलं होतं. पण लवाद काही तुमच्या ओट्यावर बघायला येत नाही. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर नळीवाटे सिंकमध्ये जातं. ती नळी बादलीत सोडून त्या पाण्याने फरशी पुसता येते हे खरं, पण ओट्याखालची बादली फार वाईट दिसते.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर शॉवरला जोर नाही ही तक्रार रास्तच आहे. टाकीचा तळ तुमच्या डोक्यावर दोन-तीन मीटरच आहे, जोर येणार कुठून? प्रेशर पंप बसवा, पण गच्चीवरून स्वतंत्र लाइन घेण्याच्या भानगडीत पडू नका. सामाईक डाउनटेकवरच, म्हणजे टाकीतून खाली सगळ्या मजल्यांना पाणी देणाऱ्या उभ्या पाइपाच्या खांबावरच लावा. त्याच खांबावरच्या खालच्या घरातल्या नळातून त्या वेळी नुसता फुसफुस आवाज येतो. एकमेकांना पाण्यात पाहायची परंपरा अशीच टिकते. याहून धाडसी माणसांसाठी दुसरा मार्ग आहे: पाणी यायच्या वेळेला महापालिकेच्या लाइनलाच मोटार लावायची. रस्त्याखालच्या जुन्या पाइपाला जिथे बारीक भेगा असतात तिथून एरवी पाणी बाहेर झिरपतं. मोटारीने ओढ दिली की उलट होतं आणि शेजारून जाणाऱ्या ड्रेनेजचं ओघळ आत येतं. पहिल्या दहा मिनिटांचं पाणी गढूळ का आलं म्हणून मग पूर्ण गल्ली महापालिकेच्या नावाने बोटं मोडते. मोटारवाल्याने त्यात आपला आवाज सर्वांत वर ठेवावा.

गुरुवार विसरून चालणार नाही. देखभालीसाठी शहरात गुरुवारी पाणी बंद ठेवण्याची रीत आहे, आणि ते वाचवण्याचं साधन आहे असा गैरसमजही. बुधवारी संध्याकाळी बातमी ग्रुपवर पडताच घरातलं प्रत्येक भांडं भरा: पिंप, बादल्या, कुकर, पुरणाचं पातेलं, नातवाचा टब. गुरुवारी त्यातलं पाव वापरलं जातं. शुक्रवारी नळाला ताजं पाणी आलं की उरलेलं पाणी ‘शिळं’ झालं म्हणून मोरीत ओता. धरणात जूनपासून मेपर्यंत साठून राहिलेलं पाणी ताजं आणि बुधवारचं शिळं, हे शास्त्र आपल्या घरांत इतकं पक्कं आहे की त्याला प्रयोगशाळेची गरज नाही. घरटी शंभर लिटर ओतले तरी चाळीस घरांचे चार हजार झाले.

एवढं झाल्यावर टँकर येतो. त्याच्या स्वागताचेही नियम आहेत.

दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे ज्याच्यावर ‘१०,००० लि.’ असं रंगवलेलं आहे तो. मोजायला जाऊ नये. खालची टाकी चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद असेल तर एक मीटर उंचीला बारा हजार लिटर मावतं, म्हणजे दहा हजारांनी पाणी ८३ सेंटिमीटर चढायला हवं. एक सरळ काठी, तिच्यावर खुणा, लाइन आणि पंप बंद करून टँकर ओतण्याआधी एकदा आणि नंतर एकदा बुडवायची, संपलं. सत्तर सेंटिमीटरच चढलं तर आठ हजार चारशेच आले. म्हणूनच ही काठी सोसायटीत ठेवू नये. पुणेकराला धरणसाखळीत आज किती टीएमसी आहे ते तोंडपाठ असतं. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर, दहा हजारांचे अठ्ठावीस लाखांहून जास्त टँकर, हेही तो सकाळी चहाबरोबर सांगेल. आपल्याच पायाखालच्या टाकीत किती सेंटिमीटर पाणी आहे ते विचारून त्याला अडचणीत टाकू नये.

पाणी पिण्यालायक आहे का, ते टीडीएस मीटर बुडवून ठरवा. हे पेनसारखं यंत्र आकडा दाखवतं आणि आकड्याने सभा शांत होते. त्यात फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज येतो, जंतू किती हे त्याला कळत नाही. गटाराचं पाणी मिसळूनही आकडा देखणा येऊ शकतो. जंतूंसाठी क्लोरीन बघावं लागतं: पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोल्युडीनचे थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा, आणि नळाच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. पिवळं आलं नाही तर ३३ टक्क्यांची ताजी ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे टँकरला पन्नास. बादलीत कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा, वरचं निवळ तेवढं टाकीत ओतायचं आणि तासभर पंप लावायचा नाही. इतका कुटाणा कोण करणार? पावडरची पिशवी पंपाच्या खोलीत उघडी ठेवा. दमट हवेत तिचा क्लोरीन काही आठवड्यांत उडून जातो, आणि ‘आमच्याकडे पावडर असते’ हे वाक्य मात्र जसंच्या तसं राहतं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा क्लोरीन हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. मार्चपर्यंत त्याची जागा पार्किंगने घेतली.

टाकी धुण्याबाबत दोन मतं आहेत. एक मत असं की सहा महिन्यांतून एकदा धुवावी: लाइन बंद करायची, पाणी वापरून वीतभर उरू द्यायचं, गाळ उपसायचा, भिंती नायलॉनच्या ब्रशने घासायच्या, प्रेशरने धुवायच्या, ते पाणीही उपसायचं, क्लोरीनचं पाणी भिंतींना मारून थोडा वेळ ठेवायचं, पुन्हा धुवायचं आणि मग भरायचं. आत उतरणाऱ्याला एकट्याला उतरवायचं नाही, आधी झाकणं उघडून हवा खेळती ठेवायची, वर एक माणूस उभा हवा. शेवटी भिंतीवर तारीख रंगवायची. यातली माणूस उभा ठेवायची गोष्ट तेवढी थट्टेत घेऊ नका. बंद टाकीत माणसं गुदमरतात. दुसरं मत बहुसंख्यांचं आहे: वरचं पाणी स्वच्छ दिसतंय ना? मग खालचा गाळ कशाला ढवळायचा. वरच्या टाकीच्या व्हेंट पाइपाला जाळी नसावी आणि झाकणाची एक कड तुटलेली असावी, म्हणजे एडीस डासांची अंड्यांपासून पंखांपर्यंतची वाटचाल आठ-दहा दिवसांत निर्वेध पार पडते. आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतो. तो आपण गांधीजयंतीला पाळतोच.

आता सभा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि गणसंख्या दोन तृतीयांश किंवा वीस, यातली कमी ती. चाळीस जणांत वीस यायला हवेत. सात येतात. अर्धा तास थांबून तहकूब सभा सुरू होते, तिला गणसंख्येचं बंधन नाही. सात जण ठरवतात आणि तेहतीस जण रात्री ग्रुपवर लिहितात की आम्हाला विश्वासात घेतलं नाही. पाण्याचा विषय निघाला की घरटी मीटर बसवायची सूचना कुणीतरी करेल. ती एका वाक्यात मारता येते, आणि गंमत म्हणजे ते वाक्य खरं आहे: जुन्या इमारतीत स्वयंपाकघर, संडास, न्हाणीघर यांना वेगवेगळ्या खांबांवरून पाणी येतं, त्यामुळे एका घराला तीन-चार मीटर लागतात. इथे थांबायचं. खांबागणिक एक मीटर लावला तरी गळती कुठल्या रांगेत आहे ते कळतं, हे पुढचं वाक्य बोलायचं नाही. आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांत, पाणीपट्टी घरातल्या नळांची संख्या आणि आकार यांवरून आकारायची आहे. म्हणजे तीन न्हाणीघरांच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या काकू जास्त भरतात आणि एका न्हाणीघरात नऊ विद्यार्थी ठेवणारे मालक कमी. मालक सभेला हमखास येतात, काकूंचे गुडघे दुखतात.

बाराशे रुपयांचा एक टँकर धरला तर महिन्याचे छत्तीस हजार, घरटी नऊशे. चांगला पितळी बॉलकॉक दोन-अडीच हजारांत येतो, घरटी साठ रुपये. या साठ रुपयांवर तीन कोटेशन मागवा. बांधकाम खर्चाच्या पाऊण टक्का दरसाल जमा होणारा दुरुस्ती निधी मुदत ठेवीत आहे, आणि ठेव मोडली तर व्याज बुडेल, असा मुद्दा खजिनदार मांडतीलच. टँकरच्या छत्तीस हजारांना कोटेशन लागत नाही, कारण ती तातडी असते. तातडी रोजची झाली म्हणून तिचा मान कमी होत नाही.

राहिला पाऊस. पर्जन्यसंचयनाचा खड्डा इमारतीत आहेच. भोगवटा पत्रासाठी बिल्डरने केला होता, नकाशात अजूनही निळ्या रंगात दिसतो. त्याच्या नावावर मिळकतकरात सूटही मागता येते, तेवढी मागावी. चारशे चौरस मीटरच्या गच्चीवर पुण्याचा सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर २ लाख ८० हजार लिटर होतात. त्यातले वीस टक्के वाया गेले तरी बावीस टँकर उरतात. ते जमिनीत जाऊ नयेत याची तजवीज सोपी आहे. मे महिन्यात गच्ची झाडायची नाही, पन्हाळीच्या तोंडाला जाळी लावायची नाही, पहिल्या सरीचं घाण पाणी बाजूला काढायचा व्हॉल्व्ह गंजू द्यायचा आणि खड्ड्यातली वाळू-खडी उपसून धुण्याऐवजी त्यात सहाव्या मजल्यावरच्या नव्या न्हाणीघराच्या जुन्या फरशा टाकायच्या. बोअरला पाणी लागेना म्हणून पुढच्या वर्षी आणखी दोनशे फूट खोल जाता येतं.

शेवटचं काम रंगाऱ्याकडून करून घ्या. प्लंबरचा नंबर पंपाच्या खोलीत कागदावर चिकटवलेला होता, तो ओलीने गेला. टँकरवाल्याचा नंबर तसा जाऊ देऊ नका. तो ऑइल पेंटने, वीतभर उंचीच्या अक्षरांत, खालच्या टाकीच्या झाकणाशेजारच्या भिंतीवर लिहून घ्या. तिथे टाकी धुतल्याची तारीख लिहायला बिल्डरने एक पांढरा चौकोन रंगवून दिला होता, तो अजून कोरा आहे.